वातानुकूलित पंगत

दिवाळी अंकातील खाण्यापिण्याच्या लेखाची सुरुवात चकलीच्या भाजणीपासून व्हावी, असा एक अलिखित नियम आहे. तो आज मोडतो आहे, याबद्दल वाचक भगिनींनी क्षमा करावी. कारण ज्या जेवणाविषयी मला सांगायचे आहे, ते आमच्या घरी झालेच नाही. ते झाले नागपुरातील एका मोठ्या, वातानुकूलित, दाक्षिणात्य पद्धतीच्या उपाहारगृहात. तिथे चकली नव्हती, मुरुक्कू होता. आणि तो चकलीचा कितीही जवळचा मावसभाऊ असला, तरी अखेर मावसभाऊच!

आम्ही वडशाचे. सरकारी कागदावर आमच्या गावाचे नाव देसाईगंज आहे आणि रेल्वेच्या पाटीवर वडसा. वैनगंगेच्या पलीकडे ब्रह्मपुरी, अलीकडे आम्ही. हा मुलूख भाताचा. सकाळी भात, रात्री भात, आणि पाहुणा आला की पुन्हा भात. आमच्या गावाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे झाडीपट्टीची नाटके. दिवाळी सरली की मंडया भरतात, शंकरपट रंगतात, आणि गावोगाव रात्रभर नाटके चालतात. या नाटक कंपन्यांची कार्यालये वडशातच आहेत. मोसमात नटनट्या, पेटीवाले, तबलजी, पडदेवाले अशी सगळी मंडळी गावात मुक्कामाला असतात. आणि ही सगळी मंडळी जेवतात कुठे? तर खानावळीत.

त्यांपैकी एक खानावळ माझ्या आईची होती.

वडील गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि धाकटा भाऊ दीड वर्षाचा. आईने दोन महिन्यांत ओसरीवर पाट मांडले. पुढे वीस वर्षे त्या पाटांवर रेल्वेचे लोक, वनखात्याचे कारकून, परगावचे विद्यार्थी आणि नाटकवाले जेवून गेले. त्या पैशांवर मी एम. ए. झालो, भाऊ इंजिनिअर झाला. त्याला नागपुरात चांगली नोकरी लागली आणि आईने पाट उचलून माळ्यावर ठेवले.

हे सारे मी येथे जितक्या सहज लिहिले, तितक्या सहज आम्ही दोघे भाऊ कधी बोललो नव्हतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. महाविद्यालयात कोणी विचारले, की "आईचा लहानसा व्यवसाय होता" असे मी म्हणत असे. व्यवसाय हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात किराणा दुकानापासून सावकारीपर्यंत काहीही मावते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी भावाचा फोन आला. त्याचे लग्न ठरत आले होते. मुलगी पसंत, पत्रिका पसंत, आता साखरपुड्याआधी दोन्हीकडच्या मंडळींनी एकदा एकत्र बसून जेवावे, असे ठरले. होणारे व्याही सेवानिवृत्त अधिकारी, घर शाकाहारी. म्हणून त्याने हे दाक्षिणात्य हॉटेल निवडले. सगळे सांगून झाल्यावर आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "दादा, आईला सांगून ठेव. खानावळीचा विषय तिथं नको."

मी "बरं" म्हणालो. वाचकहो, मी त्याला रागावलो नाही, हे लक्षात घ्या. मी "बरं" म्हणालो.

वडशाहून नागपूर मोटारीने दीडशेएक किलोमीटर. ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड अशी गावे मागे पडत जातात. वाटेत आईला त्या निरोपाविषयी कसे सांगावे, हे मला सुचेना. मास्तराला काही सुचले नाही की तो व्याख्यान देतो. मी इडलीवर व्याख्यान सुरू केले.

मी सांगितले, की इडली-डोशाला आपण 'मद्रासी' म्हणून परके मानतो, ते काही खरे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'इडरिका' आहे आणि डोशाचा पूर्वजही आहे. हा ग्रंथ बाराव्या शतकातला. ती इडली मात्र उडदाची. तांदळाची सोयरीक तिला पुढे जडली. तंजावरला तर १६७० च्या दशकापासून १८५५ पर्यंत मराठ्यांचेच राज्य होते. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळचे 'शरभेंद्र पाकशास्त्र' मराठीत आहे. आणि सांबाराची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसूल संपले, आमटीत चिंच घातली, आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून तिला 'सांबार' म्हणू लागले, अशी ती दंतकथा. गोड आहे, पण इतिहासाचा भार तिच्यावर टाकू नये.

आई खिडकीबाहेर कापणीला आलेले धान पाहत होती. ती म्हणाली, "सांबार म्हणजे कोथिंबीर. आमटीला कोणी सांबार म्हणतं का?"

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात, आणि तिच्या खमंग वडीला सांबारवडी. एका शब्दावरून दोन प्रांतांची कशी चुकामूक होते, यावर मी आणखी दहा मिनिटे बोललो. उमरेड आले. मग मात्र बोलावेच लागले. मी भावाचा निरोप सांगितला. आईने माझ्याकडे पाहिले नाही. "बरं," एवढेच म्हणाली. माझाच शब्द मला परत मिळाला.

हॉटेल खरोखर देखणे होते. दाराशी पितळी समई, तांदळाच्या पिठाची रांगोळी, जाईच्या गजऱ्यांचा वास. वाढणारी मुले पांढऱ्या वेष्टीत, कपाळाला भस्माचे पट्टे. हात पुसायला गरम ओला टॉवेल चिमट्याने दिला. तो काय खायचा आहे की काय, म्हणून मी क्षणभर थांबलो. व्याह्यांनी हात पुसले, तेव्हा मीही पुसले.

अशी हॉटेले आपल्याकडे तशी अलीकडची. आपल्या पिढ्यांनी पाहिले ते उडपी. तिथे संगमरवरी टेबल, स्टीलचे पेले, आणि पाच मिनिटांत डोसा. मुंबईत माटुंग्याच्या स्टेशनाजवळ १९४२ पासून चाललेले ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग हा त्या परंपरेचा आदर्श. केळीच्या पानावर जेवण, आणि मुदपाकखाना कोणाही गिऱ्हाइकाने आत येऊन पाहावा, अशी मुभा. पुढे १९८९ मध्ये चेन्नईच्या एका पंचतारांकित हॉटेलात 'दक्षिण' नावाचे दालन निघाले. तिथे आंध्र, तमिळनाडू, केरळ, कर्नाटक अशा चारी घरांचे पदार्थ थाटामाटात वाढू लागले, आणि इडली-डोशापलीकडेही दक्षिण आहे, हे बड्या गिऱ्हाइकांना कळले. मग त्या धर्तीची उपाहारगृहे गावोगाव झाली. आमचे हे त्यातलेच.

जेवणाविषयी तक्रार करण्याजोगे काही नव्हते. पितळी ताटात केळीचे पान, त्याचे टोक डावीकडे. आधी रुपयाएवढे उत्तपे आणि चार रंगांच्या चटण्या. मग आंध्राचा पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा. आपल्या मुगाच्या धिरड्याने कोट घातला तर तो असाच दिसेल. मग केरळचे अवियल. त्यात शेवगा, सुरण, कच्चे केळे, सारे खोबऱ्यात आणि दह्यात नांदत होते, आणि एकाचीही चव दुसऱ्याने खाल्ली नव्हती. भाताचा क्रम तमिळ पद्धतीचा. पहिला भात सांबाराबरोबर, दुसरा रसमाबरोबर, शेवटचा ताकाबरोबर. आपण वरणभाताने सुरुवात करून पोळीकडे वळतो आणि ताकभातापाशी परत येतो. त्यांचा भात मात्र वाट सोडत नाही. झाडीपट्टीच्या माणसाला हे फार पटले.

आणि सेवा? सेवा चोख होती. इतकी चोख, की जेवताना आपण परीक्षेला बसलो आहोत असे वाटे. दर दोन मिनिटांनी कोणी तरी वाकून विचारी, "एव्हरीथिंग ऑलराइट, सर?" आपण घास गिळून "ऑलराइट" म्हणेपर्यंत तो पुढच्या टेबलावर गेलेला असे. आपल्याकडच्या आग्रहाला आपण हसतो. "आणखी एक जिलबी, माझी शपथ" ही जुलूमजबरदस्ती खरीच. पण त्या आग्रहात वाढणाऱ्याचे लक्ष आपल्या पानावर असते. आई माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "हा विचारतो, पण पानाकडे पाहत नाही."

ती धंद्यातली बोलत होती. खानावळीत तिने वाढायला ठेवलेल्या मुलाला पहिल्या दिवशी हेच शिकवलेले मी ऐकले आहे. माणसाला विचारू नको, पान पाहा. भाजी तशीच राहिली तर पोटात दुखत असेल, त्याला ताक दे. भराभर भात संपवतोय तर गाडी पकडायची आहे, त्याला थांबवू नको. नाटकवाला कमी जेवला, तर रात्री मोठी भूमिका आहे. त्याच्यासाठी पहाटे काही तरी झाकून ठेव.

एक मुलगा मात्र पानाकडे पाहत होता. विशीतला, सावळा, थोडासा बावरलेला. आईची रसमाची वाटी रिकामी झालेली त्याने दुरून पाहिली आणि रसमाचे भांडे घेऊन लगबगीने आला. नेमकी त्याच क्षणी व्याह्यांनी खुर्ची मागे सरकवली. त्याच्या कोपराला धक्का बसला आणि रसम व्याह्यांच्या शुभ्र बाहीवर, टेबलावरच्या कापडावर आणि त्या मुलाच्या स्वतःच्या हातावर सांडले.

रसम गरम होते. हे सांगण्याचे कारण, की मुलाच्या हाताकडे कोणीच पाहिले नाही. कोटातले व्यवस्थापक धावत आले. आमच्याशी अतिशय गोड बोलले आणि त्याच दमात त्याला दात-ओठ खात बोलले. गावंढळ, नालायक, आजचा पगार कापतो, उद्यापासून येऊ नकोस. हे सगळे हलक्या आवाजात, म्हणजे आम्हाला ऐकू जाईल इतक्या हलक्या. भावाचा चेहरा उतरला. साखरपुड्याआधीचे जेवण ते!

आई उठली. पेल्यातले गार पाणी तिने आपल्या रुमालावर ओतले आणि तो त्या मुलाच्या हाताला गुंडाळला. मग व्यवस्थापकांना म्हणाली, "साहेब, याला बोलू नका. खुर्ची मागं सरकली, यात त्याची काय चूक? मी वीस वर्षं खानावळ चालवली आहे. भरलेलं भांडं घेऊन माणसांतून चालणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. माझ्या हातूनही सांडलेलं आहे."

टेबलावर शांतता पसरली. भाऊ पदार्थांचे कार्ड वाचू लागला. ते उलटे धरले होते, हे मला दिसत होते. आणि मी? मराठीचा प्राध्यापक, सोमेश्वरापासून सरफोजीपर्यंत सगळे ज्याला पाठ, त्याला एक वाक्य सुचेना.

त्या शांततेत मला जे आठवले, ते इथे लिहितो. तेव्हा बोललो असतो तर बरे झाले असते. चेन्नईच्या 'वुडलँड्स' या कीर्तिमान हॉटेलांचे संस्थापक के. कृष्णराव हे उडुपीजवळच्या एका खेड्यातले. त्यांनी लहानपणी दुसऱ्यांच्या हॉटेलांत हरकाम्या म्हणून काम केले आणि पुढे १९३८ च्या सुमारास रोयापेट्टातील एका मोठ्या बंगल्यात स्वतःचे हॉटेल काढले. माटुंग्याचे रामा नायकही आधी दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरातच राबले होते. दक्षिणेच्या ज्या पंगतीची प्रतिष्ठा आम्ही भाड्याने घ्यायला गेलो होतो, ती पंगत भांडी घासणाऱ्यांनी, पीठ वाटणाऱ्यांनी, वाढणाऱ्यांनीच उभी केली आहे. समई आणि गजरे नंतर आले.

शेजारी बसून जेवण्याचा हक्कही काही आयता आलेला नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा पुढे आला, तेवढ्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादात सापडावे लागले. दक्षिणेत हॉटेलांच्या पाट्यांवर 'ब्राह्मणांचे' असे लिहिलेले असे, आणि ती पाटी उतरवावी म्हणून पेरियारांच्या अनुयायांनी १९५७ मध्ये मद्रासच्या एका हॉटेलासमोर दीर्घकाळ सत्याग्रह केला. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात सार्वजनिक उपाहारगृहांचा मुद्दाम उल्लेख आहे, तो उगाच नव्हे. आईने घटना वाचलेली नाही. पण तिच्या ओसरीवर एकच पंगत होती. पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने वेगळा पाट मागितला, तेव्हा ती म्हणाली होती, "वेगळा पाट आहे, पण तो तुमच्या घरी." त्या महिन्यात तीन गिऱ्हाइके कमी झाली. घरात तेव्हा दूधही मोजून येत होते.

शांतता व्याह्यांनीच मोडली. ओली बाही दुमडत त्यांनी विचारले, "किती माणसं जेवत असत?"

"एरवी चाळीस," आई म्हणाली. "नाटकवाले आले की सत्तर."

"सत्तर! एकटीनं?"

"हाताखाली दोन बाया होत्या. आणि हा होता ना," माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हा पाणी वाढायचा. पाठांतर करत करत वाढायचा, म्हणून सगळ्यांच्या पाटावर पाणीच पाणी."

विहीणबाई हसल्या. होणारी सून हसली. मग व्याह्यांनी असा प्रश्न विचारला, की त्यांच्याविषयी माझे मत कायमचे चांगले झाले. "भात कोणत्या तांदळाचा?"

आई खुलली. "सणाला चिन्नोर. रोजचा एचएमटी. हा जो इथं वाढलाय, तो आपल्याकडचा नाही. चांगला आहे, पण आपला नाही."

तिथून संभाषण तांदळावर गेले, आणि तिथे मला अखेर वाचा फुटली. ज्या एचएमटीचा भात आज कितीतरी घरांत शिजतो, तो वाण कुठल्या प्रयोगशाळेत जन्मला नाही. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी तो निवडला. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन थोडकी. १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुन्हा पेरल्या, वर्षानुवर्षे निवडल्या. नाव पडले ते त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले. आम्ही त्या सकाळी मोटारीने ज्या नागभीडवरून आलो, तोच हा तालुका. आणि वाटेत मी त्यांच्याविषयी अवाक्षर न काढता सोमेश्वर राजाची इडरिका सांगत होतो! घड्याळाचे नाव घराघरात पोहोचले, माणसाचे नाव मराठीच्या प्राध्यापकाच्याही जिभेवर वेळेवर आले नाही.

एव्हाना तो मुलगा हाताला मलम लावून परत आला होता. व्याह्यांनी व्यवस्थापकांना बोलावून स्पष्ट सांगितले, की खुर्ची आपण सरकवली, पगार कापायचा नाही. आईने मुलाला विचारले, "कोणत्या गावचा रे बाबू?"

कपाळी भस्म, कमरेला वेष्टी. आम्ही सगळे समजत होतो की हा मदुराईकडचा असावा. तो म्हणाला, "कुरखेड्याचा, आजी."

कुरखेडा म्हणजे आमच्या शेजारचा तालुका! आईने कपाळावर हात मारला. "अरे, मग इतका वेळ इंग्रजीत का विचारत होतास?"

"इथं तसंच विचारावं लागते," तो म्हणाला. नंतर ताकभात वाढताना त्याने काही विचारले नाही. पान पाहिले आणि आईला चमचाभर जास्त वाढला. पायसम झाले, डबऱ्यातून पेल्यात उंचावरून ओतलेली कॉफी झाली. दक्षिणेत शुभप्रसंगी जेवण झाले की पान आपल्याकडे मिटतात, अशी रीत आहे. मी तसे सांगताच सर्वांनी पाने मिटली. भावाने सर्वांत शेवटी मिटले.

निघताना आईने त्या मुलाला एवढेच सांगितले, "रसमाचं भांडं काठोकाठ भरत जाऊ नकोस. दोन खेपा झाल्या तरी चालेल." बक्षिसी भावाने दिली, किती, ते मी पाहिले नाही.

परतीच्या वाटेवर आई बराच वेळ गप्प होती. भिवापूर गेल्यावर म्हणाली, "एका ताटाचे किती झाले रे?" मी आकडा सांगितला. तिने मनाशी हिशेब केला. "तू बी. ए. ला होतास, तेव्हा एवढ्यात दोन माणसं महिनाभर जेवत होती." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण अवियल चांगलं होतं. त्यात खोबरं शेवटी घालतात, नाही का?"

साखरपुडा दिवाळीनंतर वडशालाच झाला. हॉल घ्यावा, केटरर लावावा, असे मी सुचवले. भाऊ नको म्हणाला. आदल्या रात्री माळ्यावर चढून त्याने ते पाट स्वतः खाली काढले आणि अंगणात बसून धुतले. वीस वर्षांच्या पंगतीत पाटांचे कोपरे गुळगुळीत झाले आहेत. व्याही पाटावर बसले, तेव्हा गुडघ्यांनी जरा कुरकुर केली; पण बसले. पाणी मी वाढले.

यंदाच्या दिवाळीला आपणही सहकुटुंब बाहेर जेवायला जाल. अवश्य जावे, महिन्यातून एकदा तरी गृहिणीच्या हातातला झारा सुटलाच पाहिजे. फक्त वाढणाऱ्या मुलाला त्याचे गाव विचारून पाहा. कदाचित ते तुमच्याच गावाशेजारचे निघेल.